गोळ्यांआधी हवा-पाणी द्या

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोक झोपडवस्त्यांत राहतात. त्यांच्या आरोग्याची चर्चा मात्र दवाखान्यापाशीच थांबते. पाणी दिवसातून तास-दोन तासच येते, तिथे एरवी जलवाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी गळक्या सांध्यांतून आत शिरते. पाणी सुटले की पहिल्या हंड्यात तेच येते. शिवाय उद्याची खात्री नसल्याने पिंपे भरून ठेवावी लागतात आणि त्या स्वच्छ साठ्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा एडिस डास तयार होतो. अशा वेळी रहिवाशांनाच अस्वच्छ ठरवणे हा निव्वळ अन्याय आहे.

क्षयरोगाचेही तेच. खिडकी नसलेल्या एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात. निदान होईपर्यंत घरातल्या इतरांना लागण होऊन गेलेली असते. शौचालय लांब, वाटेवर अंधार, म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग अंगावर काढतात. हे तर कुणी मोजतही नाही!

पुनर्वसनाच्या इमारती तरी एकमेकींना खेटून बांधू नयेत. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचतो की नाही, हे आरोग्य विभागाने तपासल्याशिवाय आराखडा मंजूरच होऊ नये.

– एक वाचक