टर्नअगेनच्या गाळातून मला बाहेर काढणाऱ्या त्या दोघांना

अलास्कात येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. अँकरेजच्या दक्षिणेला, सूअर्ड हायवेलगत टर्नअगेन आर्मची खाडी आहे. ओहोटीला तिथलं राखाडी मैदान चालण्याजोगं वाटतं, म्हणून फोटोसाठी मी खाली उतरले. ती वाळू नसून हिमनद्यांनी दळून आणलेला बारीक गाळ आहे. पाय रुतला की भोवती सिमेंटसारखा आवळतो. इथे भरतीला पाणी कधी कधी नऊ मीटरहून जास्त चढतं, हे मी वाचलं होतं, तरी गेले.

उजवा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ओढावं तितका आणखी खोल.

माझी हाक ऐकून रस्त्यावरून तुम्ही दोघं धावत आलात. काका लांबूनच ओरडले, "ओढू नकोस, मागे टेक!" गाडीतली फळी गाळावर टाकून ते पालथे पडले आणि हातांनी बुटाभोवतीचा गाळ उकरत राहिले. नखं काळी झाली, बोट कापलं, थांबले मात्र नाहीत. काकूंनी लेस कापली. बूट आतच राहिला, पाय निघाला.

मग काकूंनी स्वतःच्या पायातले लोकरीचे मोजे काढून माझ्या पायात चढवले. अजून उबदार होते ते! त्या मात्र अनवाणी पायांवर बूट चढवून बसल्या.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. मोजे धुऊन ठेवलेत. काका, काकू, मनापासून आभार.