भाडेकरूशी बोलायला मधला माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या वाकड, हिंजवडी, खराडी भागात भाड्याने दिलेल्या अनेक फ्लॅटचे मालक एक तर पेठांत किंवा कोथरूडला राहणारे ज्येष्ठ असतात, नाही तर नोकरीसाठी परदेशी गेलेले. भाडेकरूचा प्रत्येक फोन मात्र आपणच घ्यायचा, हा बहुतेकांचा आग्रह. मी स्वतः घरमालक आहे आणि माझे मत नेमके उलटे आहे. हे बोलणे पगारी व्यवस्थापकाकडे सोपवावे आणि मग मालकाने मध्ये पडू नये.

माझ्या परिचयातल्या एका फ्लॅटमध्ये पावसाळ्यात बाथरूमची भिंत ओली झाली. मालक म्हणाले, "बघू." अमेरिकेतला मुलगा म्हणाला, "करून घ्या, भाड्यातून वळते करा." भाडेकरूने भाडे कापताच भांडण पेटले. शेवटी व्यवस्थापक नेमला. त्याने वरच्या मजल्यावर जाऊन नहाणी ट्रॅप (बाथरूमचे पाणी वाहून जाण्याचे तोंड) तपासला, फोटो काढले, सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवले आणि प्लंबरचा अंदाज मालकाच्या मंजुरीला पाठवला. आठवड्याभरात काम झाले.

मालक स्वतः बोलतो तेव्हा भिंतीत ठोकलेला खिळाही त्याच्या जिव्हारी लागतो. राग अनावर झाला की पाणी-वीज तोडण्यापर्यंत मजल जाते, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 ने त्याला बंदी आहे. व्यवस्थापकाला त्या खिळ्याचे काही वाटत नाही. घर ताब्यात देतानाचे फोटो आणि मीटर रीडिंग त्याच्याकडे असले, तर डिपॉझिटवरून होणारे वाद जागीच मिटतात.

एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेऊन दिसेनासा होणारा एजंट मला इथे अभिप्रेत नाही. राज्यांसाठी नमुना म्हणून केंद्राने केलेल्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात भाडे घेणे, दुरुस्ती करून घेणे, नोटीस देणे ही कामे मालकाच्या वतीने करणाऱ्या व्यवस्थापकाची तरतूद आहे. त्या नमुन्यानुसार घरात येण्यापूर्वी त्यानेही भाडेकरूला 24 तास आधी कळवायचे असते. भाडेकरूची सोयही यातच आहे. कोणाला फोन करायचा, हे त्याला पक्के ठाऊक असते.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाचीच राहते, ती कोणावर ढकलता येत नाही. पण पुढचा अकरा महिन्यांचा करार करताना त्यात व्यवस्थापकाचे नाव, मोबाइल नंबर आणि मालकाला न विचारता तो किती रुपयांपर्यंत दुरुस्ती करू शकतो, एवढे जरूर लिहून घ्यावे.

आपला नम्र,
एक घरमालक, कोथरूड, पुणे