पदराखालचं प्लास्टर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. फोनवर आई लगेच "जेवलीस का?"वर जाते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. तर आधी सांगून टाकते, इथलं, नेदरलँड्समधलं हाडांच्या संशोधनाचं काम मी आणखी तीन वर्षांसाठी घेतलंय. मागच्या मंगळवारी सही केली. विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात, आणि मग माझ्याच्यानं सही झाली नसती.

बाबा, तुम्ही म्हणणार, पुण्यात प्रयोगशाळा कमी आहेत का? नाहीत. पण रॉटरडॅमच्या ओम्मोर्ड उपनगरातल्या पंचावन्नच्या पुढच्या हजारो माणसांना 1990 पासून पुन्हापुन्हा तपासत आलेत. कोणाची हाडं किती झिजली, कोणाचं काय मोडलं, सगळं लिहिलेलं, शिवाय त्यांची जनुकं. अशी वही नव्यानं सुरू करायची तर ती भरेपर्यंत मीच पेन्शनीत जाईन. आणि याच देशात उर्क नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या एका घराण्यात हाडं दाट होतच राहतात, मोडता मोडत नाहीत. हेवा करू नका, कवटी जाड होऊन नसा दाबल्या जातात, बहिरेपण येतं. पण अशाच घराण्यांतल्या जनुकाच्या बिघाडावरून हाड घडवणारं औषध सुचलं, 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. हे सोडून उठवत नाही हो. (पगारही बरा आहे.) जानेवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय.

आई, तू दहा दिवस व्हिडिओ कॉलवर पदर मनगटावर ओढून बसत होतीस. मला वाटलं, गार वाटत असेल. मग डबा उचलताना पदर घसरला आणि प्लास्टर दिसलं, कडेला हळदीचा डाग. म्हणजे मोडक्या हातानं फोडण्याही चालूच! वर म्हणालीस, "काही नाही, मुंगी मेली." पर्वतीच्या पायऱ्यांवर माझा गुडघा फुटला की म्हणायचीस तेच. तेव्हा मी गप्प बसायचे, आणि तू पदरानं नाक पुसायचीस माझं. अजून त्या पदराचा वास आठवतो.

पण "आमच्या घराण्यातच हाडं कच्ची, आजीचं नाही का झालं" हे आता पुरे. हाडांच्या घनतेत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला निम्म्याहून जास्त रक्तातून येतो, जुळ्यांच्या अभ्यासांत तसं दिसलंय. पण तो जनुकांमधल्या शेकडो जागांवरून चिमूटचिमूट येतो. आणि आजी काही जनुकांवरून घसरली नव्हती, आई. शहाबादी फरशीवरून घसरली होती.

म्हणून न्हाणीघराचंही ठरवून टाकलंय. गुरुवारी मिस्त्री येईल, पैसे दिलेत, परत पाठवू नका. खरखरीत टाइल्स आणि धरायला दोन दांडे, एवढंच. तुझ्या बंबाला हात लावायचा नाही असं त्याला बजावलंय. बाबांचा दाढीचा आरसाही तिथेच राहील.

हाडांच्या त्या आठवड्याच्या गोळीनं पित्त होतं म्हणून सोडलीस ना? गोळी घेऊन पुन्हा लवंडतेस, म्हणून ती घशाखाली जाळते. रविवारी उठल्याबरोबर उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं. चहा नाही, कॅल्शियमची गोळीही नाही. तरी जळजळलंच तर डॉक्टरांना सांग, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही असतं. मनानं बंद करायची नाही. नाचणीची भाकरी चालू ठेव, पण ती गोळीच्या जागी नव्हे.

बाबा, सहाच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. दहानंतर वीसेक मिनिटं गच्चीत बसा दोघं. पेपर तिथे वाचा. पाऊस असेल तेव्हा राहू दे, ओल्या जिन्यावरून कोणी वर जायचं नाही. आणि रविवारचा तुमचा चहा अर्धा तास तुम्हीही थांबवा, नाहीतर वासानं ती उठतेच.

रविवारी साडेसहाला फोन करीन. इथे तेव्हा रात्रीचे तीन असतील, असू देत. आई खुर्चीत बसलेली दिसली पाहिजे, हात पदराबाहेर.

तुमची,
चिमी