माळ्यावरचे व्हॉल्व्ह सेट मोडीत घालण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : हौशी रेडिओचे जुने व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) सेट आणि त्यांची दुरुस्ती

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्यातल्या जुन्या घरांचे माळे रिकामे होतात आणि त्यांत लाकडी रेडिओंच्या जोडीला कधीकधी काळ्या-करड्या रंगाची, दर्शनी बाजूस मीटर आणि मोठ्या चकत्या असलेली जड लोखंडी खोकी खाली उतरतात. घरातल्या कुणा आजोबांनी वा काकांनी हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून संदेश देण्या-घेण्याचा, आज ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, परवाना घेऊन ती वापरलेली असतात. गेल्या काही वर्षांत या सेटची वाट दोन ठिकाणी लागताना दिसते. एक तर ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या भावाने मोडीत जातात, नाही तर आतली सगळी यंत्रणा उपटून त्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवला जातो आणि महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलात ते शोभेला ठेवले जातात. दुसरा प्रकार मला पहिल्यापेक्षा अधिक खटकतो, कारण त्यात जतन केल्याचे समाधानही फुकट मिळते. हे सेट दुरुस्त होऊ शकतात आणि परवानाधारकाच्या हाती पुन्हा हवेत बोलू शकतात, एवढे वाचकांच्या ध्यानात आणून द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घरगुती रेडिओ आणि हौशी रेडिओचा सेट यांत फरक आहे. मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा रेडिओ कारखान्यातून एकसारखा निघत असे, त्यामुळे एक मोडला तरी त्याच घडणीचा दुसरा कुठे ना कुठे सापडतो. हौशी मंडळींचे ट्रान्समीटर मात्र बहुतांशी हाताने बांधलेले असत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेले रिसीव्हर आणि सुटे भाग मुंबईच्या बाजारात विकायला आले. ते आणायचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चासी (भाग बसवण्याचा सांगाडा) वाकवायची, तिला व्हॉल्व्हच्या बैठकीची भोके पाडायची, कॉइल स्वतः गुंडाळायची आणि शेवटच्या टप्प्यात ८०७ हा व्हॉल्व्ह लावायचा, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत होती. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३६ साली काढलेला हा व्हॉल्व्ह माथ्यावरच्या टोपीवरून ओळखता येतो. त्याच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि प्लेटला, म्हणजे आतल्या धातूच्या पत्र्याला, सहाशे व्होल्टपर्यंत दाब देता येतो. एका ८०७ वर तीस-चाळीस वॉटचे प्रक्षेपण निघते आणि चांगली एरियल असेल तर तेवढ्यावर देशभर बोलणे होते.

येथे इतिहासाचा एक तपशील सांगावासा वाटतो. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने हौशी केंद्रे बंद केली होती. त्या बंदीच्या काळात, १९४२ च्या ऑगस्टअखेरपासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. हा आकडा मेगाहर्ट्झमध्ये मांडला तर ७.०८ येतो, आणि आपल्याकडे आज हौशी रेडिओला मिळालेला ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. म्हणजे नोव्हेंबरात पोलिसांनी धाड घालेपर्यंत देशाला ज्या लहरीवर बातम्या ऐकू येत होत्या, तिच्या आसपासच आजही रोज सकाळी हौशी मंडळी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. तो ट्रान्समीटरही व्हॉल्व्हचाच होता, कारण ट्रान्झिस्टरचा शोधच मुळी १९४७ च्या डिसेंबरातला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सेट खाली उतरवल्यावर घरातल्या कुणाला तरी हटकून वाटते की, चालतो का ते पाहावे, आणि तो थेट भिंतीतल्या प्लगला जोडला जातो. वर्षानुवर्षे शाबूत राहिलेला सेट या एका क्षणात कायमचा निकामी होऊ शकतो. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापराविना पडून राहिले की त्यांच्या आतला इन्शुलेशनचा थर क्षीण होतो; एकदम पूर्ण दाब आला की ते जवळजवळ शॉर्टसारखे वागतात, तापतात, कधी फुटतात आणि जाताना रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मरही सोबत घेऊन जातात. कागदाच्या कंडेन्सरची गोष्ट याहून कपटी आहे. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवरून पुढच्याच्या ग्रिडकडे, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे, जाणारा कंडेन्सर थोडासा जरी गळू लागला तरी त्या ग्रिडवर धन दाब चढतो आणि व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढू लागतो. आवाज येतो म्हणून मालक खूश असतो आणि तिकडे आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वायंडिंग जळत असते. कार्बनच्या जुन्या रेझिस्टन्सचे ओममधले मूल्य काळाबरोबर वाढत जाते, तेही एकेक मोजून पाहावे लागते. रबराचे आवरण असलेल्या वायरी हात लावताच भुगा होऊन गळतात.

म्हणून जाणकार माणूस प्रथम सेट उघडतो, धूळ ब्रशने काढतो आणि काही न जोडता व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहतो. काचेच्या आत चंदेरी आरशासारखा एक डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे, हे कोणत्याही मीटरविना कळते. त्यानंतर संशयास्पद कंडेन्सर बदलले जातात. मूळचे ठेवायचेच असतील तर बाहेरच्या डीसी सप्लायने, मध्ये मोठा रेझिस्टन्स घालून, त्यांना तासन् तास हळूहळू दाबावर आणले जाते. नुसता डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) फिरवून हे साधत नाही; कमी व्होल्टेजवर रेक्टिफायर व्हॉल्व्हचा फिलामेंट पुरता तापतच नाही, त्यामुळे कंडेन्सरपर्यंत काही पोहोचत नाही आणि मग अर्ध्या वाटेवर एकदम पोहोचते. पहिल्यांदा वीज देताना सेटच्या वाटेत जुन्या तारेचा साठ वा शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये असावा. तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी दिवा या कामी चालत नाही.

आपल्या भागाला याखेरीज एका वेगळ्या दुखण्याला तोंड द्यावे लागते, ते कृष्णेच्या पुराचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले आणि नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावरच्या वस्तूंत गाळ भरला. २०२१ मध्येही पुन्हा पाणी आले. असे भिजलेले सेट लोक सरळ टाकून देतात. गाळ चासीवरून आणि गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावण्यासाठी फिरणाऱ्या कंडेन्सरच्या) पात्यांमधून स्वच्छ पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन काढता येतो आणि त्याने बिघाड होत नाही. बिघाड होतो तो सेट पुरता न वाळवता वीज दिल्याने. खरी चिंता ट्रान्सफॉर्मरची असते. त्याच्या थरांमधल्या कागदात शिरलेली ओल वरून दिसत नाही, म्हणून त्याला मंद उष्णतेत बरेच दिवस वाळवावे आणि मग मेगर (इन्शुलेशन मोजणारे उपकरण) लावून इन्शुलेशन तपासावे. तपासणीत नापास झाला तर तो नव्याने भरून घ्यावा.

तो भरायचा कुठे, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना अवघड वाटतो. आपल्याकडे वाटू नये. ऊस आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात शेतीपंपांच्या मोटारी भरून देणारा कारागीर तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत बसलेला आहे. तारेचा गेज मोजणे, वेढे मोजणे, लेदरॉइड हा इन्शुलेशनचा कागद, वार्निश, हे सगळे त्याच्या रोजच्या हातचे आहे. त्याला फक्त एवढे समजावून सांगावे लागते की, या ट्रान्सफॉर्मरच्या एका वायंडिंगवर कित्येकशे व्होल्ट असतात, म्हणून प्रत्येक थरानंतर कागद घालावा आणि जुनी वायंडिंग तोडून न टाकता वेढे मोजत उलगडावी. लाकडी कॅबिनेटला लाखेचे पॉलिश हवे असेल तर सतार-तंबोरे घडवणारी मिरज हाकेच्या अंतरावर आहे. मात्र पॉलिशपासून सुरुवात करू नये. बाहेरून चकाकणारे आणि आतून मुके सेट मी पुष्कळ पाहिले आहेत.

धोक्याबद्दल मोघम लिहिणे बरे नव्हे. ट्रान्समीटरमधला उच्च दाब माणूस मारू शकतो, आणि खटका बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. तो उतरवण्यासाठी बसवलेला ब्लीडर रेझिस्टन्स तुटलेला असेल तर सेट बंद असूनही जिवंत असतो. म्हणून हात घालण्यापूर्वी कंडेन्सर रेझिस्टन्स लावलेल्या इन्शुलेटेड दांडीने उतरवावेत आणि मीटरने खात्री करावी. काही ट्रान्समीटरांत मोर्सची की कॅथोडच्या वाटेत असते आणि ती उघडी असताना तिच्या टोकांवर चांगलाच दाब येतो. तेथे मध्ये रिले घालावा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओंची चासी थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे निघालेल्या बटणाचा स्क्रूसुद्धा झटका देतो. लष्करी सेटच्या अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो, तो खरवडू नये. ८६६ए हा निळा प्रकाश देणारा रेक्टिफायर पाऱ्याच्या वाफेचा आहे. तो फुटला तर पारा उघड्या हाताने गोळा करू नये. मुलांच्या हाती असा सेट खेळायला देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

आता कुणी विचारील की, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशासाठी. पुरात, भूकंपात हे सेट उपयोगी पडतील असे उत्तर यावर दिले जाते, पण ते मला मान्य नाही. १९९३ चा किल्लारीचा आणि २००१ चा भुजचा भूकंप झाला तेव्हा हौशी मंडळींनी संदेश पोहोचवण्याचे मोठे काम केले हे खरे असले, तरी आपत्तीत बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा आटोपशीर ट्रान्झिस्टर सेटच कामाचा. तीस-चाळीस वॉट देण्यासाठी दीडशे-दोनशे वॉट खाणारा आणि दोघांनी उचलावा लागणारा व्हॉल्व्ह सेट नावेत घालून कुणी नेणार नाही. त्याचे महत्त्व शिकण्यात आहे. आजच्या सेटमध्ये जे तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये बंद असते ते येथे डोळ्यांसमोर उघडे असते. टँक सर्किटचा, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कॉइल-कंडेन्सरच्या जोडीतला, कंडेन्सर फिरवला की प्लेटच्या मीटरचा काटा खाली येतो आणि नेमक्या जागी सर्वांत खाली बसतो. अनुनाद म्हणजे काय ते विद्यार्थ्याला त्या काट्यावरून समजते. तो चुकला आणि प्लेट लालबुंद झाली तर तेही दिसते, आणि सावरायला काही सेकंद मिळतात. ट्रान्झिस्टर तेवढी सवड देत नाही.

हवेवर येतानाही काही पथ्ये आहेत. व्हॉल्व्हचा व्हीएफओ (प्रक्षेपणाची लहर ठरवणारा, बदलता येणारा ऑसिलेटर) तापत असताना सरकत राहतो, म्हणून अर्धा तास आधी सुरू करून ठेवावा. आवाज पाठवण्याची जुनी पद्धत, एएम, सहा किलोहर्ट्झ जागा घेते, आजची पद्धत, सिंगल साइडबँड, त्याच्या निम्म्यात भागते; तेव्हा गर्दीच्या वेळी पट्ट्याच्या मधोमध एएम लावून बसणे सभ्यपणाचे नाही. एरियल जोडण्याआधी डमी लोडवर (एरियलऐवजी लावलेल्या रेझिस्टन्सवर) ट्यूनिंग करावे. आणि परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवणे हा गुन्हा आहे. संचार मंत्रालयाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेतर्फे त्याची परीक्षा होते. परवाना त्या व्यक्तीपुरता असतो, वारशाने येत नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी असा सेट आहे पण परवानाधारक हयात नाहीत, त्यांनी तो एखाद्या परवानाधारकाकडे रीतसर सोपवावा.

दोन विनंत्या करतो. विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयाने आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळेत एक टेबल या कामासाठी राखावे. डिमरस्टॅट, मेगर आणि ऑसिलोस्कोप अशा महाविद्यालयांत असतातच. कमी आहे ती शिकवणाऱ्यांची, आणि येथे सातारा जिल्ह्याचे भाग्य कामी येऊ शकते. अपशिंग्यासारखी सैनिकी परंपरेची गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेली, मोर्स कानाने वाचणारी आणि व्हॉल्व्ह सेट उघडलेली मंडळी अजून आहेत. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांची नावे महाविद्यालयांना कळवली तर सुरुवात होईल. ती मंडळी ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून ही सुरुवात याच वर्षी व्हावी.

दुसरी विनंती घरमालकांना आहे. सेट प्लगला जोडू नका, व्हॉल्व्ह काढून वेगळे विकू नका, आणि सेटसोबत हस्तलिखित सर्किट, लॉगवह्या किंवा देशोदेशींहून आलेली क्यूएसएल कार्डे (संपर्क झाल्याची पोच देणारी पोस्टकार्डे) सापडली तर ती रद्दीत न घालता त्याच खोक्यात ठेवा. हाताने बांधलेल्या सेटची दुरुस्ती करणाऱ्याला तेवढाच नकाशा उपलब्ध असतो.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक, सांगली