७९ पैकी दोन!

महोदय,

सत्ताधारी पक्षाचा धुव्वा उडाला, की ‘जनतेने धडा शिकवला’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची मे २००१ची निवडणूक मात्र जरा निरखून पाहण्यासारखी आहे. दहा वर्षं सत्तेत असलेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ७९ पैकी २ जागा मिळाल्या, बाकी साऱ्या लिबरल पक्षाला. पंजाबात जन्मलेले मुख्यमंत्री उज्जल दोसांझ यांनी मतदानाआधीच हार कबूल केली होती. त्यांची स्वतःची जागाही गेली. वेगवान फेरीबोटींच्या प्रकल्पात अफाट पैसा बुडाला होता, त्यामुळे लोकांचा राग समजण्यासारखाच.

पण मतं बघा. हरलेल्या पक्षाला सुमारे २२ टक्के मतं होती, म्हणजे हिशेबाने सतराएक जागा. प्रत्यक्षात जॉय मॅकफेल आणि जेनी क्वान या दोघीच उरल्या. विधिमंडळात अधिकृत पक्ष म्हणवून घ्यायला तेव्हा चार आमदार लागत, तेही नव्हते! (१९९६ मध्ये हाच पक्ष विरोधकांपेक्षा कमी मतं मिळवून सत्तेत आला होता. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तोच विजयी, ही पद्धत तेव्हा त्यांच्या पथ्यावर पडली होती.)

ही पद्धत बदलायची का, यावर २००१मध्ये जिंकलेल्या लिबरल सरकारनेच २००५ मध्ये सार्वमत घेतलं. ७९ पैकी ७७ मतदारसंघांत बदलाला बहुमत मिळालं, एकूण कौल जवळपास ५८ टक्के. अट ६० टक्क्यांची होती. बदल बारगळला.

– एक वाचक