भट्टीच्या नोंदी संशोधक मुलांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरात मी 31 वर्षं भट्ट्यांची कंट्रोल पॅनेल बसवतो आणि दुरुस्त करतो. माझी थोरली मुलगी कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे यंत्रं आपोआप ताब्यात ठेवण्याच्या शास्त्रात, पीएच.डी. करते आहे. तिच्या निमित्तानं हे पत्र लिहितोय, पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

तिचं काम मी लॅबमध्ये उभं राहून पाहिलंय. साडेचारशे अंशांवर तापवलेल्या काचेवर टिनच्या क्षाराचं द्रावण नोझलनं फवारतात. पाणी उडून जातं आणि टिन ऑक्साइडचा थर मागं राहतो, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. अडचण अशी की फवारा पडला की काच गार होते. तापमान सांभाळणारा कंट्रोलर हीटरला जोर देतो, तापमान सेट पॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्याच्या, पुढं पळतं, पुन्हा खाली येतं. आम्ही याला हंटिंग म्हणतो. आमच्या भट्टीत दहा अंश इकडंतिकडं झाले तरी बऱ्याचदा निभावून जातं. तिनं दाखवलेली काच मात्र अर्ध्या भागात मोरपिसासारखी चमकत होती आणि उरलेल्या अर्ध्यात दुधाळ झाली होती. तिथं तापमान घसरलं होतं. तापमान मोजणारा के टाइप थर्मोकपल एका अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देतो, तेवढ्यावर हा सगळा खेळ चालतो. थराचा पृष्ठभाग तपासायला जो ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप वापरतात, त्याची सुईसुद्धा असाच फीडबॅक घेत, म्हणजे मोजून लगेच दुरुस्ती करत, वरखाली होते, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आयुष्यभर जे करत आलो, तेच तिथं अणूंच्या मापात चाललंय.

फवाऱ्यानं काच गार होणं आणि हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून-गार करून त्याचे गुण बदलण्याच्या) भट्टीचं दार उघडल्यावर तापमान पडणं, गणितात दोन्ही एकाच जातीचं, असं ती म्हणते. तिचं मॉडेल, म्हणजे या चढउताराचं गणित, संगणकावर चालतं. खऱ्या भट्टीवर ते टिकतं का, हे बघायला महिन्याभराच्या तापमानाच्या नोंदी हव्यात. त्यासाठी एका कारखान्यात ती चार वेळा गेली. शेवटी उत्तर मिळालं, "पार्टीची माहिती बाहेर जाईल, जमणार नाही."

मालकांची भीती मला कळते. ऑडिटमध्ये ग्राहक कसे धारेवर धरतात हे मी पाहिलंय. पण वेळ, तापमान आणि दार कधी उघडलं, एवढ्या तीन रकान्यांत ना ड्रॉइंग असतं, ना ग्राहकाचं नाव. जॉबचा नंबरसुद्धा काढून टाकता येतो.

हे शास्त्र वाढलं तेच मुळी चालत्या यंत्राशेजारी. जहाजाचं सुकाणू धरणारा माणूस हात कसा चालवतो, हे निरखून मिनोर्स्की नावाच्या इंजिनिअरनं 1922 मध्ये आज आपण पीआयडी म्हणतो त्या कंट्रोलच्या पद्धतीचं गणित मांडलं. पीआयडी ट्यून करायचे, म्हणजे यंत्राला जुळवून घ्यायचे, झीगलर-निकोल्सचे नियम 1942 चे, आणि ते दोघं उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर होते. आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एवढ्या परिसरात ठायीठायी भट्ट्या पेटलेल्या असताना आपली मुलं नुसत्या संगणकावरच्या सिम्युलेशनवर प्रबंध लिहितात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उद्योजकांच्या संघटना आणि विद्यापीठानं मिळून एक पानी करारनामा तयार करावा. कोणत्या नोंदी द्यायच्या, कोणत्या झाकायच्या, छापण्याआधी मालकाला दाखवायचं, एवढं त्यात असलं तरी पुरे. दरवेळी पोरांना गेटवर ताटकळत ठेवायची वेळ येणार नाही.

जो कारखाना तयार होईल तिथं डेटा लॉगर (तापमानाच्या नोंदी आपोआप ठेवणारं यंत्र) मी स्वतः बसवून देईन, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मजुरी न घेता. चालू वायरिंगला हात लावावा लागत नाही. दुसरा थर्मोकपल शेजारी सोडला की झालं.

आपला,
एक पॅनेल वायरमन,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर