गुलाबाची बिस्किटे पाठवीत आहे

पुणे, १४ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी भाऊजी साताऱ्यास येत आहेत. त्यांच्याबरोबर बिस्किटांचे दोन डबे पाठवीत आहे. आईने गेल्या महिन्यात परसातल्या गावठी गुलाबाच्या ज्या पाकळ्या सावलीत वाळवून पुडीत बांधून दिल्या होत्या, त्यांचीच ही बिस्किटे आहेत. डबा उघडताच "यात काय काय घातले आहेस?" असे आई विचारणार हे ठाऊक असल्यामुळे सगळे आधीच लिहिते.

पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, हे आधी कबूल करते. पहिल्या वेळी मैद्यात गुलाबजल ओतले. पाण्यामुळे मैद्याला चिवटपणा आला, बिस्किटे दाताखाली कडक लागली आणि वास तर ओव्हनच्या वाफेबरोबर साऱ्या घरात पसरून बिस्किटात नावालाही उरला नाही. दुसऱ्या वेळी बाजारचा गुलाबाचा अर्क घातला, तेव्हा तुमच्या नातवाने एक बिस्कीट हुंगून, हे देवघरात लावायचे आहे का, असे अगदी गंभीरपणे विचारले. त्यानंतर मी बाटलीचा नाद सोडला आणि पाकळ्यांकडे वळले.

फुलाचा वास पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगला उतरतो आणि टिकतो. म्हणून १०० ग्रॅम साखर आणि चमचाभर वाळक्या पाकळ्या तुमच्याच जुन्या खलबत्त्यात कुटून, मिश्रण घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवले. सकाळी झाकण उघडले तेव्हा साखर फिकट गुलाबी झाली होती आणि तिला गुलकंदाच्या बरणीसारखा वास येत होता. ती साखर २०० ग्रॅम बिनमिठाच्या लोण्यात फेसली, त्यात ३०० ग्रॅम मैदा आणि दोन वेलदोड्यांची पूड हलक्या हाताने मिसळली. हे पीठ कणकेसारखे मळायचे नाही, नुसते गोळा होईपर्यंत एकत्र करायचे. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग लाटला, कारण लोणी मऊ असले की साच्याने कापलेल्या फुलांच्या कडा ओव्हनमध्ये पसरतात आणि कमळाची भाकरी होते. १६० अंशांवर साधारण सतरा मिनिटांत कडा बदामी दिसू लागल्या. एवढ्या पिठात चाळीसेक बिस्किटे झाली.

आई, एक तक्रार आहे. पाकळीच्या देठाकडचे पांढरे टोक कडवट लागते, आणि तू पाकळ्या टोकासकट वाळवल्या होत्यास. मी ती टोके एकेक करून कात्रीने कापत बसले आणि निम्म्या पाकळ्यांचा हातातच चुरा झाला. पुढच्या वेळी ताज्या असतानाच ती कापून टाक. खायच्या सोड्याचेही सांगते. नानकटाईच्या सवयीने मी एका घाण्यात चिमूटभर सोडा घातला, तर गुलाबाचा रंग मळकट निळसर झाला. पाकळ्यांचा लाल रंग आंबटपणात खुलतो आणि सोड्याने बिघडतो. वरची जांभळी नक्षी याच गुणावर साधली आहे. गोकर्णाची फुले गरम पाण्यात भिजवून ते निळे पाणी पिठीसाखरेत कालवले आणि त्यात लिंबाचे चार थेंब पिळले, की निळ्याचे जांभळे होते. मात्र हे पाहून अंगणातले दिसेल ते फूल बिस्किटावर ठेवू नये. आपल्या कुंपणाची कण्हेर तर विषारीच आहे. फुलवाल्याकडच्या गुलाबांवर औषध फवारलेले असते, तेही नकोत.

ओव्हनसमोर बसले होते तेव्हा दिवाळीतली बेकरी फार आठवली. तूप, रवा, मैदा आणि पिठीसाखर घेऊन बाबांबरोबर रांगेत उभे राहायचे, पत्र्यावर आपल्या आडनावाची चिठ्ठी लावायची, आणि भट्टीतून भलत्याच कुणाचा पत्रा आपल्या हाती आला तर "आपली जास्त खुसखुशीत होती" असे बाबांनी वर्षभर म्हणायचे. प्रमाणाच्या दृष्टीने पाहिले तर हे साहेबी बिस्कीट म्हणजे नानकटाईचे चुलत भावंडच आहे.

आता दोन डब्यांविषयी. यंदा गणपतीत बाबांनी केवड्याचे पान नाकाशी धरले आणि यंदा केवड्याला वासच नाही, असे ते म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिले आणि ती काहीच बोलली नाही. केवड्याला वास होता. म्हणून ज्या डब्याला लाल दोरा बांधला आहे, त्यातल्या बिस्किटांत पाकळ्या दुपटीने घातल्या आहेत; तो बाबांचा. दुसरा आईचा आणि शेजारी देण्याचा. बाबा, चहाबरोबर दोन्हींतले एकेक खाऊन पाहा आणि फरक जाणवला का ते मला स्पष्ट कळवा. माझे मन राखण्यासाठी हो म्हणू नका. जाणवला नाही, तर पुढच्या खेपेस वेलदोडा आणि सुंठ वाढवून पाहीन.

डबे परत पाठवताना आईने त्यात पाकळ्यांची पुडी अवश्य ठेवावी. भाऊजी बुधवारी परतणार आहेत.

तुमची,
धाकटी